लाल काच काळी, निळी काच पांढरी

आजवर टिकलेली जगातली सगळ्यांत जुनी निगेटिव्ह एका खिडकीची आहे. साल १८३५, महिना ऑगस्ट. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट नावाचे एक सधन, अभ्यासू गृहस्थ लाकडाच्या लहानलहान पेट्या करून घेत, त्यांना एकेक भिंग बसवत, आत रसायन फासलेला कागद लावत आणि घराच्या आवारात जागोजागी त्या मांडून ठेवत. त्यांची पत्नी कॉन्स्टन्स त्या पेट्यांना ‘उंदराचे सापळे’ म्हणायची. असाच एक सापळा त्यांनी घराच्या दक्षिण बाजूच्या दालनात, जाळीदार खिडकीकडे तोंड करून ठेवला. त्यात जे सापडले ते टपालाच्या तिकिटाहून थोडेसेच मोठे होते. उजळ तावदाने काळी आणि त्यांच्यामधल्या काळ्या पट्ट्या फिक्या, असे ते उलटे चित्र. चित्र ताजे असताना भिंगातून पाहिले तर दोनशेच्या आसपास तावदाने मोजता येत, अशी नोंद टॅल्बटने त्याच्या शेजारी करून ठेवली आहे.

ते घर म्हणजे लॅकॉक ॲबी. तेराव्या शतकात कॅथलिक धर्मभगिनींसाठी बांधलेला मठ. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये, तो बंद झाला आणि पुढे खाजगी निवासस्थान झाला. टॅल्बटची खिडकी साध्या काचेची होती, तिच्यात रंग नव्हता. त्याच्या दृष्टीने ते बरेच झाले. रंग असता तर त्या कागदाने त्याला चकवले असते.

खिडकीचा फोटो घेणे सोपे वाटते, कारण खोलीत उजेड असतो तो तिथेच. आणि तो कठीण असतो तोही त्याच कारणाने. ही अडचण सगळ्यांत टोकाला कुठे जात असेल, तर ती फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये. फोटोग्राफीच्या पहिल्या शंभर वर्षांचा इतिहास या एका इमारतीतल्या काचांसमोर उभे राहून सांगता येईल. तो बहुतांशी फसगतीचा इतिहास आहे.

शार्त्र पॅरिसच्या नैर्ऋत्येला, तासाभराच्या रेल्वेप्रवासावर. सगळीकडे गव्हाची सपाट शेते, त्यामुळे कॅथीड्रलचे दोन बेमेळ मनोरे गावाच्या कितीतरी आधी दिसू लागतात. जून ११९४ मध्ये इथले जुने देऊळ आगीत गेले. पश्चिमेची दर्शनी बाजू आणि तळघर तेवढे वाचले. पुढच्या तीसेक वर्षांत नवे कॅथीड्रल बहुतेक उभे राहिले, इतक्या झपाट्याने की आतल्या बहुतेक काचा एकाच पिढीच्या हातच्या वाटतात. एकूण १७६ खिडक्या आणि अडीच हजार चौरस मीटरहून अधिक काच, आणि तिच्यातला बराच भाग मूळचा, म्हणजे आठशे वर्षांचा. इतकी मध्ययुगीन काच, इतकी एकत्र आणि जागच्या जागी, युरोपात दुसरीकडे सापडणे मुश्कील.

गोव्याची जुनी चर्चे ज्याने पाहिली आहेत त्याला आत शिरताच पहिला धक्का बसतो तो अंधाराचा. जुन्या गोव्यातल्या से कॅथीड्रलच्या खिडक्यांत शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या आहेत. त्यातून गाळलेल्या दुधासारखा पांढरा उजेड आत येतो आणि सगळीकडे सारखा पसरतो. शार्त्रमध्ये उजेड पसरत नाही. तो भिंतीत वरच्या वर टांगलेला असतो, लाल आणि निळा. खालची फरशी, खांब, माणसे सावलीतच राहतात. डोळ्यांना सवय व्हायला पाच-दहा मिनिटे लागतात आणि मग एकेक खिडकी जणू पुढे सरकते. ही सवय होणे ही डोळ्याची किमया. कॅमेऱ्याला ती येत नाही.

आता या काचेविषयी थोडे. शार्त्रच्या कारागिरांनी रंग काचेवर लावलेला नाही, तो काचेच्या अंगातच आहे. वाळू आणि लाकडाची राख एकत्र वितळवून काच करायची आणि त्या रसात धातू मिसळायचा. निळ्यासाठी कोबाल्ट, लालसाठी तांबे. तांब्याची लाल काच जाड असली तर काळीच दिसते, म्हणून तो लाल रंग पातळ थरांत फिक्या काचेच्या जोडीने आणावा लागे. त्या काचेचे तुकडे आराखड्याप्रमाणे कापायचे. चेहऱ्याच्या, बोटांच्या, वस्त्राच्या चुण्यांच्या रेषा काळपट तपकिरी लेपाने काढून भट्टीत भाजायच्या. मग सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडायचे आणि तयार झालेले फलक खिडकीतल्या लोखंडी चौकटीत बसवायचे. कापणे, भाजणे, जोडणे यांत चित्रकारापेक्षा लोहार-सोनाराचे काम जास्त आहे.

फ्रेंच सरकारने १८५१ मध्ये देशातल्या जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी पाच जणांना नेमले: ल ग्रे, मेस्त्राल, बाल्द्यू, बायार आणि आंरी ल सेक. यांतला ल सेक १८५२ मध्ये शार्त्रला आला. त्याने टिपले ते दगड: दारांवरचे राजे-राण्यांचे ताठ उभे पुतळे, बुरूज, कोनाडे. त्याची चित्रे आजही पाहण्यासारखी आहेत. पण त्यांत खिडक्या शोधाव्या तर मिळतात त्या नुसत्या काळ्या भेगा. बाहेरून पाहिली तर मध्ययुगीन काच मेलेल्या माशाच्या खवल्यासारखी दिसते. आणि आत जाऊन तिचा फोटो घ्यावा, तर त्या काळच्या मंद कागदी निगेटिव्ह त्या अंधाराला पुरे पडणाऱ्या नव्हत्या.

त्यापेक्षा मोठी अडचण रंगांची होती. चांदीचे जे क्षार फोटोग्राफीचा पाया होते, त्यांना उपजत दिसतो तो निळा आणि जांभळा प्रकाश. हिरवा जेमतेम दिसतो आणि लाल जवळजवळ दिसतच नाही. म्हणूनच डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. निसर्गदृश्य काढताना याचा त्रास एवढाच की आकाश कोरे पांढरे येई. शार्त्रमध्ये मात्र खिडक्या नेमक्या निळ्या आणि लाल! निळी काच प्रिंटवर पांढरी फटफटीत पडणार, लाल काच कोळशासारखी काळी.

यातला घोटाळा कळण्यासाठी एकच खिडकी जवळून पाहू. गाभाऱ्याच्या दक्षिण बाजूने फिरताना एक उंच खिडकी लागते. फ्रेंच लोक तिला ‘सुंदर काचेची पवित्र माता’ म्हणतात. मधले फलक सुमारे ११८० चे, आगीतून वाचलेले. नंतर नव्या इमारतीत त्यांच्याभोवती तेराव्या शतकातल्या कारागिरांनी देवदूतांची रांग बसवली. मध्ये मरिया सिंहासनावर, मांडीवर बाळ येशू. तिचे वस्त्र फिक्या, झळाळत्या निळ्या रंगाचे आहे आणि मागची भूमी लाल. त्या निळ्यात इतका उजेड आहे की पाहणाऱ्याला मरिया लालमधून पुढे आल्यासारखी वाटते. साध्या प्लेटवर हे टिपले तर काय होईल? काळ्या पडद्यापुढे पांढरी बाई. वस्त्रावरच्या चुण्या पांढऱ्यात बुडालेल्या, भूमीवरचे काम काळ्यात गाडलेले. रचना जागच्या जागी, पण कारागिराने जिथे जीव ओतला होता तेच गेलेले.

म्हणून एकोणिसाव्या शतकात काचा नोंदवायच्या असल्या तर भरवसा हातावरच ठेवत. त्याहीआधीची एक गोष्ट शार्त्रला माहीत आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस रोजे द गेन्येर नावाच्या संग्राहकाने चित्रकार पाठवून खिडक्यांत चितारलेल्या, त्या अर्पण करणाऱ्या दात्यांच्या आकृत्या काढून घेतल्या. त्याला रस होता तो घराण्यांच्या ढाल-चिन्हांत. पुढे अठराव्या शतकात कॅथीड्रलच्या धर्मगुरूंनाच जुन्या काचा अंधाऱ्या वाटू लागल्या. गाभाऱ्यात नवे संगमरवरी शिल्प आले होते, ते नीट दिसावे म्हणून वरच्या रांगेतल्या काही खिडक्या काढून साधी काच घालण्यात आली. फ्रेंच राज्यक्रांतीआधी, कुणी शत्रू नसताना, घरच्यांनीच केलेली ही नासधूस. त्यांतल्या काही आकृत्या आज आपल्याला माहीत आहेत त्या गेन्येरच्या वंशावळीच्या वेडामुळे.

बुर्जच्या कॅथीड्रलवर काये आणि मार्तँ या दोन जेझुइट फादरांनी १८४१ ते १८४४ या काळात काचांचा भव्य ग्रंथ काढला, तोही हाताने केलेल्या रेखाटनांवर. शार्त्रवरही वास्तुविशारद लास्स्यू यांच्या देखरेखीखाली रंगीत शिळाछापाचे मोठे काम झाले. ही चित्रे देखणी आहेत. पण एकोणिसाव्या शतकातला चित्रकार नकळत चेहरे सुधारत असे. तुटके नाक सरळ होई, बटबटीत डोळा मवाळ होई. खिडकीतली बाराव्या शतकातली मरिया कागदावर उतरेपर्यंत पॅरिसच्या सलाँमधली कुणी सुस्वरूप तरुणी होऊन जाई.

कॅमेऱ्याची आणखी एक खोड होती. काचेच्या प्लेटवर जिथे झगझगीत प्रकाश पडतो, तिथे तो रसायनाच्या थरातून आरपार जातो, प्लेटच्या पाठीवर आपटतो आणि परत फिरून आजूबाजूला पसरतो. उजळ भागाभोवती धुक्याचे वलय येते. खिडकीच्या फोटोत हे वलय शिशाच्या पट्ट्याच गिळून टाकते आणि शिसे गेले की चित्राचा सांगाडाच गेला. त्यावर फोटोग्राफरांनी शोधलेला उपाय स्वयंपाकघरातला होता. साखर जाळून काळी करायची, तिच्यात तपकिरी माती कालवायची आणि तो चिकट लेप प्लेटच्या पाठीला फासायचा. परत फिरणारा प्रकाश त्यात शोषला जाई. डेव्हलप करण्याआधी लेप पुसून काढायचा. डार्करूममध्ये मुंग्या येत असतील की काय, असा प्रश्न पडतो.

गंमत अशी की या ‘पसरण्या’ची तक्रार काच-कारागिरांनाही होती. व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने १८६८ मध्ये आपल्या वास्तुकोशात काचचित्रांवर दीर्घ लेख लिहिला. लांबून पाहताना निळी काच आपल्या हद्दीबाहेर प्रकाश सांडते आणि शेजारच्या रंगांवर अतिक्रमण करते, लाल तसे करत नाही, असे त्याचे निरीक्षण. म्हणून जुने कारागीर निळ्यावर काळ्या लेपाची बारीक जाळी काढून त्याला आवर घालत. म्हणजे तेराव्या शतकातला काचकार आणि एकोणिसाव्या शतकातला फोटोग्राफर एकाच शत्रूशी झुंजत होते. एकाने लेप लावला तो पुढून, दुसऱ्याने मागून.

आणि हे वलय टाळण्याच्या खटाटोपातूनच सुटकेची वाट निघाली. बर्लिनमध्ये हेरमान व्हिल्हेल्म फोगेल हे फोटोरसायनाचे प्राध्यापक १८७३ मध्ये इंग्लंडहून आलेल्या तयार प्लेटी तपासत होते. या प्लेटी निळ्यापेक्षा हिरव्या प्रकाशाला जास्त दाद देताहेत हे पाहून ते चक्रावले. शोध घेता दिसले, की उत्पादकाने रसायनात एक पिवळा पदार्थ घातला होता, तोही हे वलय टाळण्यासाठी. त्या रंगद्रव्याने शोषलेला प्रकाश चांदीच्या क्षारांना ‘दिसू’ लागला होता. मग कोणते रंगद्रव्य घातले तर कोणता रंग दिसेल याचा शोध सुरू झाला. हिरवा, पिवळा आधी साधले. लाल काही केल्या हाती लागेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन रसायनज्ञांनी तोही गाठला आणि १९०६ मध्ये इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने सगळे रंग पाहू शकणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक प्लेटी बाजारात आणल्या. आता शार्त्रची लाल काच काळी पडण्याचे कारण उरले नव्हते.

पुढच्याच वर्षी लियोंच्या ल्युमिएर बंधूंनी ऑटोक्रोम आणले, रंगीत फोटोग्राफीची लोकांना सहज विकत घेता येईल अशी पहिली पद्धत. बटाट्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवायचे, मिसळून काचेवर एकेरी थरात पसरायचे, वर फोटोचे रसायन. ऑटोक्रोम कागदावर छापता येत नसे. ते उजेडाकडे धरूनच पाहावे लागे. लाखो रंगीत ठिपक्यांनी बनलेली, मागून उजळणारी काच! खिडकीचे चित्र काढता काढता फोटोच खिडकी झाला होता.

याच सुमारास शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये एतिएन हूवे नावाचा राखणदार होता. किल्ल्या सांभाळणे, दारे उघडणे, येणाऱ्यांना वाट दाखवणे ही त्याची नोकरी आणि फोटोग्राफी ही हौस. हौस फार मोठी होती. त्याने आधी दारांवरचे पुतळे टिपून चित्रसंग्रह काढले आणि मग काचांकडे वळला. मोठ्या शहरातून सामान घेऊन दोन दिवसांसाठी येणाऱ्या फोटोग्राफराला जे कधीच मिळत नाही ते हूवेकडे मुबलक होते: वेळ. कोणत्या खिडकीवर कोणत्या महिन्यात किती वाजता उजेड कसा असतो, ढग किती दाट हवेत, हे ज्याला रोजच्या फेरीत दिसत आले आहे, असा तो माणूस.

पहिल्या महायुद्धाने काचांवर वेगळीच वेळ आणली. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफांनी रेंसचे कॅथीड्रल पेटले, तिथल्या कितीतरी खिडक्या फुटल्या. तिथे पिढ्यान्‌पिढ्या काचकाम करणारे सिमों घराणे होते. त्यांनी आधीच करून ठेवलेली खिडक्यांची रेखाटने पुढे दुरुस्तीच्या कामी आली. शार्त्रमध्ये हा धडा घेऊन १९१८ मध्ये खिडक्या फलकाफलकांनी उतरवण्यात आल्या. त्या परत बसवायला १९२४ उजाडले. आणि १९२६ मध्ये हूवेने स्वतःच प्रकाशक होऊन चार खंड बाजारात आणले: एक खंड मजकुराचा, धर्मप्रांताचे अभ्यासक फादर ईव्ह देलापोर्त यांनी लिहिलेला, आणि तीन खंड चित्रांचे, त्यांत २८४ चित्रफलक. बहुतेक सगळे कृष्णधवल.

कृष्णधवल! ज्या काचांची ख्याती रंगासाठी, त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ बिनरंगी. तरीही या ग्रंथाने शार्त्रचा अभ्यास बदलून टाकला. त्याआधी वरच्या रांगेतल्या खिडकीत कोण संत उभा आहे हे पाहायला अभ्यासक दुर्बीण डोळ्याला लावून मान मोडेपर्यंत उभे राहत. छताची उंची जवळपास ३७ मीटर, म्हणजे बारा मजली इमारतीएवढी. आता हार्वर्डच्या किंवा म्युनिकच्या ग्रंथालयात बसून दोन खिडक्यांतले चेहरे शेजारी शेजारी ठेवता येऊ लागले. एकाच कारागिराच्या हाताची लकब इथे दिसते, तिथेही दिसते, हे म्हणता येऊ लागले. रेषा वाचायला रंग अडथळाच होतो, आणि हूवेच्या चित्रांत रेषा होती.

पण फोटोने एक वेगळाच कल लावून दिला, तो आजही जात नाही. शार्त्रच्या चाळीसेक खिडक्यांच्या तळाशी गावातले धंदे दाखवले आहेत. चांभार वहाणा शिवतोय. पाववाला टोपलीतून पाव विकतोय. नोहाच्या खिडकीखाली सुतार आणि चाके करणारे. संत लुबँच्या खिडकीत दारूविक्रेते. राजा शार्लमान्यच्या खिडकीखाली कातडी-लोकरीचा व्यापारी गिऱ्हाइकाला अस्तराचा झगा उलगडून दाखवतोय. शाळेच्या पुस्तकात मध्ययुगीन बाजारपेठ म्हटली की यांपैकीच एखादे चित्र. या धंदेवाल्यांच्या संघांनी पैसे देऊन खिडक्या अर्पण केल्या असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. १९९३ मध्ये जेन वेल्च विल्यम्स या अमेरिकन अभ्यासिकेने त्याला हरकत घेतली. तिच्या मते ही चित्रे धर्मगुरूंनी आपल्याला हवी तशी काढून घेतली, गावकऱ्यांनी चर्चला काय द्यावे हे त्यांच्या गळी उतरवण्यासाठी. वाद मिटलेला नाही. पण हे फलक एवढे प्रसिद्ध का झाले याचे एक साधे कारण कॅमेऱ्याच्या बाजूने सांगता येते: ते खाली आहेत. चांभाराचा फोटो तिपाईवरून निघतो, वरच्या स्वर्गातल्या येशूसाठी परांची बांधावी लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी गाव आधीच तयारीत होते. ऑगस्ट-सप्टेंबर १९३९ मध्ये खिडक्या पुन्हा उतरल्या. फलक सुमारे हजार लाकडी पेट्यांत भरले गेले, आधी तळघरात राहिले आणि मग दूर दोर्दोन्य भागातल्या दगडाच्या खाणीत गेले. १६ ऑगस्ट १९४४ रोजी अमेरिकन सैन्य शार्त्रमध्ये शिरले. मनोऱ्यावर जर्मन टेहळे असावेत या संशयाने तोफा डागण्याचा विचार होता. कर्नल वेलबॉर्न ग्रिफिथ स्वतः आत गेले, वर कुणी नाही याची खात्री करून घेतली आणि मारा थांबवला. त्याच दिवशी जवळच्या लेव्ह गावात ते मारले गेले. त्यांनी वाचवलेल्या कॅथीड्रलच्या खिडक्यांत त्या दिवशी जुनी काच नव्हतीच. ती खाणीत सुखरूप होती.

युरोपभर उतरवलेल्या, फुटलेल्या, परत जोडायच्या काचांच्या या गोंधळातून १९५२ मध्ये ‘कॉर्पस व्हित्रेआरुम’ हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प उभा राहिला. देशोदेशीची मध्ययुगीन काच फोटोसह नोंदवायची असा त्याचा पण. त्यासाठी मोजणीची रीत ठरली. गाभाऱ्याच्या मधोमध पूर्वेची खिडकी शून्य. तिथून उत्तरेकडे विषम आकडे, दक्षिणेकडे सम. त्या निळ्या वस्त्रातल्या मरियेच्या खिडकीचा क्रमांक ३०, नोहाची ४७. आणि एका खिडकीतले फलक मोजायचे खालून वर. मध्ययुगीन खिडकी बहुधा तशीच वाचतात, मातीपासून आकाशाकडे. पोथी वरून खाली वाचणाऱ्याला हे सुरुवातीला चुकवतेच.

तोवर रंगीत फिल्म आली होती. कोडॅकची कोडाक्रोम १९३५ मध्ये सिनेमासाठी, वर्षभरात स्थिर कॅमेऱ्यासाठी. कलेच्या इतिहासाचे वर्ग अंधारे झाले आणि पडद्यावर स्लाइडी पडू लागल्या. शार्त्रला हे फार मानवले, कारण स्लाइड म्हणजे मागून प्रकाश टाकलेली रंगीत पारदर्शी चौकट. पण कोबाल्टने इथेही दगा दिला. कोबाल्टची निळी काच निळ्याबरोबर वर्णपटाच्या टोकाचा गडद लाल प्रकाशही आरपार सोडते. माणसाच्या डोळ्याला तो जेमतेम जाणवतो, पण फिल्मच्या लाल थराला तो दिसे. त्यामुळे शार्त्रचा तो जगप्रसिद्ध निळा कितीतरी पोस्टकार्डांवर आणि पुस्तकांत जांभळट होऊन बसला आहे. एकोणिसाव्या शतकात लाल दिसत नव्हता म्हणून चित्र चुकले. विसाव्या शतकात तो डोळ्यापेक्षा जास्त दिसला म्हणून चुकले.

ही चूक निव्वळ छपाईची राहत नाही. १९७० च्या दशकात पश्चिमेच्या तीन बाराव्या शतकातल्या खिडक्या स्वच्छ करून त्यांवर संरक्षक लेप देण्यात आला. काचा परत चढल्या तेव्हा निळ्यातला जीव गेला अशी ओरड झाली. चित्रकार आल्फ्रेद मानेसिए विरोधकांत पुढे होते आणि काचांच्या रक्षणासाठी संघटनाही निघाली. मग पुरावा कशाचा मानायचा? आधीची स्लाइड एका फिल्मवर, ढगाळ दिवशीची. नंतरची दुसऱ्या फिल्मवर, लख्ख उन्हातली. आधी शेजारच्या खिडक्या मळकट होत्या, नंतर एक धुतलेली आणि बाकीच्या तशाच. माणसाची आठवण हा तर आणखीच डळमळीत साक्षीदार. जेम्स रॉसर जॉन्सन यांनी १९६४ मध्येच शार्त्रच्या आतल्या उजेडावर पुस्तक लिहून दाखवले होते, की इथली काच कशी दिसते हे भोवतालचा अंधार आणि सरावलेला डोळा यांवर फार अवलंबून आहे.

एकविसाव्या शतकात तो अंधारच कमी झाला. भिंतींवरची काजळी, मेणबत्त्यांचा धूर काढून टाकताना खाली तेराव्या शतकातला फिकट पिवळसर मुलामा सापडला आणि त्याच रंगात आतील भाग पुन्हा उजळवण्याचे काम २००८ नंतर टप्प्याटप्प्याने झाले. २०१४ मध्ये मार्टिन फिलर या अमेरिकन समीक्षकाने त्यावर घणाघाती टीका केली. धर्माधिकारी आणि पुरातत्त्ववाले म्हणतात, मूळ असेच होते. टीकाकार म्हणतात, आठशे वर्षांची काळोखाची कमाई धुऊन टाकली. फोटोग्राफरांनी या भांडणात फारसा भाग घेतलेला नाही, पण फायदा त्यांचा झाला. पूर्वी खिडकी आणि भिंत यांच्या उजेडात इतकी दरी होती, की काच धरली तर भिंत काळी आणि भिंत धरली तर काच पांढरी. आता दोन्ही एका चित्रात कशीबशी का होईना, मावतात.

आजही काचेचा फोटो काढणाऱ्याची पथ्ये जवळजवळ हूवेच्याच काळातली आहेत. फ्लॅश वापरायचा नाही. एक तर बहुतेक चर्चांत मनाई असते, आणि वापरला तरी पुढून उजेड पडल्यावर काच मरते. दिसते ते शिसे, धूळ आणि कोळ्याची जाळी. कॅमेऱ्याची मोजणी भिंतीवर करायची नाही, काचेवर करायची. जमिनीवरून कॅमेरा वर वळवला की खिडकी टोपीसारखी निमुळती होते, म्हणून लेन्स वर सरकवता येणारा कॅमेरा लागतो किंवा लांबून मोठी लेन्स. मिस्सा चालू असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, दिवस ढगाळ हवा. सूर्य थेट काचेमागे आला की एक कोपरा पेटतो, बाकीची खिडकी विझते आणि बाहेरच्या लोखंडी गजांच्या सावल्या संतांच्या चेहऱ्यावर पडतात. पातळ, एकसारखे ढग हाच सर्वांत चांगला दिवा. लांबून आलेला प्रवासी स्वच्छ ऊन पाहून खूश होतो, तेव्हा तिपाई घेऊन आलेला माणूस कपाळाला हात लावतो.

ऊन हवे असणारी मंडळी मात्र २१ जूनच्या आसपास येतात. कॅथीड्रलच्या दक्षिणेकडच्या बाहूत, पश्चिमेच्या भिंतीत संत आपोलिनेरची खिडकी आहे. तिच्या रंगीत काचेत एक बारीकशी जागा कोरी ठेवलेली आहे. समोरच्या फरशीत, इतर दगडांपेक्षा फिक्या आणि तिरक्या बसवलेल्या एका दगडात, पिवळ्या धातूची एक गुंडी आहे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, सूर्य माथ्यावर असताना, त्या छिद्रातून आलेला किरण गुंडीवर येऊन थांबतो. अठराव्या शतकाच्या आरंभी इथल्या एका धर्मगुरूने ही योजना केली असे मानले जाते. फरशीवर पडते ती सूर्याचीच गोल प्रतिमा, अंधाऱ्या पेटीत भोकातून पडावी तशी. टॅल्बटच्या उंदराच्या सापळ्याला भिंग होते, इथे तेही नाही. भोवती गर्दी जमते, मोबाइल खाली झुकतात, आणि काही मिनिटांत तो ठिपका गुंडीवरून सरकून शेजारच्या साध्या दगडावर जातो. ढग असले तर त्या दिवशी तिथे नुसता दगड दिसतो, आणि वर खिडक्या उत्तम येतात.